कोलेरेचा चौथा हिस्सा

अमृतचा फोन आला तेव्हा मार्तंडराव नेवासकर ‘सी’ या अक्षराच्या शेवटच्या पानांवर अडकून बसले होते.

“काका, औंदा पूजेला येताना देव उचलायचे मंत्र बी घेऊन या,” अमृत म्हणाला.

“उचलायचे म्हणजे?”

“म्हंजे हालवायचे हो. खालच्या कोपऱ्यात शेततळं घेतोय. देव नेमका मधे येतोय. रस्त्याच्या कडंला चौथरा बांधतो, वर पत्रा टाकतो, टाइल्स बसवतो. देव खूश, तळं खूश. पंचमीलाच मोजणीवाले येनार हायत आन जेसीबी बी सांगून ठेवलाय. तुमी असतानाच उरकून घेऊ.”

एवढं बोलून त्यानं फोन ठेवलासुद्धा. मार्तंडराव हातातल्या मोबाईलकडे बघत राहिले. उरकून घ्यायला देव म्हणजे काय लोखंडी कपाट आहे?

मार्तंडराव संगमनेरच्या प्राध्यापक कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. बत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात संस्कृत शिकवलं. त्यातली शेवटची दहा वर्षं तर रिकाम्या बाकांनाच शिकवलं म्हणा. पण माणूस हट्टी. तरुणपणी सायकल मारत मिशनमधल्या एका म्हाताऱ्या फादरांकडे जायचे. फादरांनी यांच्याकडून संस्कृत शिकायचं आणि यांनी फादरांकडून लॅटिन, असं ठरलं होतं. फादरांचं संस्कृत ‘रामः रामौ’च्या पुढे गेलं नाही, यांचं लॅटिन मात्र अंगात भिनलं. निवृत्त झाल्यावर लोक नर्मदा परिक्रमा करतात, नातवंडं सांभाळतात, सकाळी टोप्या घालून फिरायला जातात. यांनी लॅटिन क्रियापदांचा मराठी कोश करायला घेतला. संगमनेरात लॅटिन! हसा खुशाल. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई बारा वर्षं हसतायत. “दूध आलं का म्हणून विचारावं, तर हे रोमन लोक दूध कसं काढायचे ते सांगतात,” असं त्या शेजारणींना सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

तर पहिल्या दहा वर्षांत ए आणि बी संपून सी निम्मा झाला होता, आणि तिथे ‘कोलेरे’ हे क्रियापद आडवं पडलं. तसं ते दिसायला गरीब. शब्दकोशात पाहिलं तर पहिला अर्थ शेत कसणे. दुसरा, एखाद्या जागी राहणे, वस्ती करणे. तिसरा, निगा राखणे. आणि चौथा, देवाची पूजा करणे. एकाच क्रियापदाच्या पोटात शेत, घर, निगा आणि देव! इंग्रजीतली केवढी पिलावळ त्याची: अ‍ॅग्रिकल्चर त्याचं, कल्चर त्याचं, कॉलनीसुद्धा त्याचीच. म्हणजे मार्तंडराव ज्या कॉलनीत बसून त्याच्याशी झटापट करत होते, तीही त्यानंच वसवलेली. आणखी मागे जाऊन मूळ शोधलं तर निघतं फिरणे, वळणे. आपल्या संस्कृतातले ‘चर्’ आणि ‘चक्र’ हे त्याचे लांबचे पण खरे भाऊबंद. इथवर सगळं ठीक. पण फिरण्याचं नांगरणं कसं झालं, आणि नांगरण्यातून देव कसा निघाला? मार्तंडरावांनी जाडजूड पंडितांची जाडजूड पुस्तकं वाचली. पटलं सगळं, गळ्याखाली काही उतरलं नाही.

ते उतरवलं कारभारींनी.

कारभारी वर्पे म्हणजे अमृतचे वडील. शिक्षण सातवी, वय मार्तंडरावांच्या बरोबरीचं, जीभ मार्तंडरावांपेक्षा दुप्पट. कोंभळवाडीत त्यांची सात एकर जमीन. ती एके काळी नेवासकरांची, आणि कारभारींचे वडील बजरंगआबा तिचे कूळ. कूळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, आणि सत्तावन्न सालानंतर सातबारावरचं नाव बदललं. मार्तंडराव तेव्हा चार वर्षांचे होते, त्यामुळे त्यांचं रागवायचं राहूनच गेलं. त्या गावात नेवासकरांचं मग काही उरलं नाही. उरला एक देव. शेताच्या खालच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, गुडघाभर उंचीचा, शेंदूर फासून फासून लोडासारखा फुगलेला दगड. दरवर्षी चैत्र वद्य पंचमीला नेवासकरांपैकी कुणीतरी जायचं, अभिषेक करायचा, वर्प्यांनी पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि लिंबाखाली पंगत बसायची, असा रिवाज. आधी मार्तंडरावांचे वडील जात. त्यांच्यामागे चाळीस वर्षं मार्तंडराव.

दोन वर्षांपूर्वी जेवणानंतर लिंबाखाली कलंडल्या कलंडल्या मार्तंडरावांनी कोलेरेचं रडगाणं गायलं, तेव्हा कारभारींनी आधी रोमन लोकांची कीव केली.

“शेत, घर, देव, समद्याला एकच शबूद? शब्दांचा दुष्काळ पडला हुता का काय त्यांच्याकडं?”

“नाही हो, नुसतं नांगरायला त्यांच्याकडे दुसरं क्रियापद आहे. अरारे.”

“हे बराबर हाय. बैल मधीच बसला की आमी बी तेच म्हनतो.”

मार्तंडरावांनी मुळातला अर्थ सांगितला आणि विचारलं, की फिरण्याचा नि शेताचा संबंध काय? कारभारींनी त्यांच्याकडे फार दयेनं पाहिलं.

“मास्तर, तुमी कवा शेती केली न्हाई, तुमाला कुठून कळनार? आवो, शेती म्हंजे फेऱ्या. नांगराच्या फेऱ्या, कुळवाच्या फेऱ्या, पान्याच्या फेऱ्या, डुकरं हाकायच्या फेऱ्या. काम असो नसो, सकाळी उठून रानातनं एक चक्कर मारायचीच. चक्कर बंद झाली की गवत माजतं. आन घर म्हंजे तरी काय? दिसभर फिरून फिरून शेवटी जिथं येतो ते. देवाला तर तुमी फेऱ्याच घालता. त्या लोकांना बराबर कळत हुतं. तुमालाच कळंना.”

मार्तंडराव ताडकन उठून बसले. दहा वर्षांची पुस्तकं एकीकडे आणि हा पानसुपारीचा तोबरा भरलेला माणूस एकीकडे! कागद जवळ नव्हता, म्हणून त्यांनी उदबत्तीचा पुडा फाडला आणि त्याच्या आतल्या बाजूवर सगळं लिहून घेतलं. त्या आनंदाच्या भरात त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. रोमन लोक शेत कसणाऱ्या कुळाला ‘कोलोनुस’ म्हणत, आणि तो शब्दही याच क्रियापदातून आलेला.

“म्हणजे कायद्यानं बजरंगआबांना नुसती जमीन दिली नाही, कारभारी. अख्खं क्रियापद दिलं.”

“अख्खं कुठं?” कारभारींनी बोटं दुमडली. “कसतो आमी. राहतो आमी. निगा आमी राखतो. पूजा तुमी करता. तीन हिस्से आले, चौथा तुमच्याकडंच ऱ्हायला. त्याला कूळकायदा लागत न्हाई का?”

दोघं ठसका लागेपर्यंत हसले. पण परतताना एसटीच्या खिडकीशी बसल्यावर मार्तंडरावांचं हसू हळूहळू ओसरलं. खरंच, हा चौथा हिस्सा गेला तर आपलं त्या गावात काम काय? देवाला जातो म्हणून कारभारी भेटतात. नुसतं कारभारींना भेटायला जायचं, तर काय म्हणून जायचं? नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, शाळासोबती नाहीत. बापांच्या पिढीत एक ओट्यावर बसायचा आणि दुसरा खाली अंगणात उभा राहायचा. त्या सगळ्या अवघडलेपणावर देवानं पांघरूण घातलं होतं. मार्तंडरावांना साऱ्या वर्षात मनापासून वाट बघावी असा तो एकच दिवस होता, आणि ही गोष्ट त्यांनी दमयंतीबाईंनासुद्धा कधी सांगितली नव्हती. त्यांना ती ठाऊक होती, हा भाग वेगळा.

आणि आता हा अमृत देवाला रस्त्याच्या कडेला टाइल्सवर नेऊन बसवणार. रस्त्याकडेच्या देवाला संगमनेरहून माणूस कशाला हवा? येणारा-जाणारा हात जोडतो, मोटरसायकल हळू करतो, शनिवारी तेल ओततो. चार पोरं मंडळ काढतील, त्यांचे फोटो फ्लेक्सवर झळकतील आणि मार्तंडराव नेवासकर यांना कुत्रंही विचारणार नाही.

“मी देव हलवायचे मंत्र म्हणणार नाही,” त्यांनी दमयंतीबाईंना ठणकावून सांगितलं.

“नका म्हणू. पण तुम्हाला येतात का?”

हा प्रश्न अगदीच अनावश्यक होता.

पंचमीच्या दिवशी मार्तंडराव तांब्या, ताम्हण आणि मनातल्या मनात पाठ केलेलं वीस मिनिटांचं भाषण घेऊन कोंभळवाडीच्या फाट्यावर उतरले. ऊन मी म्हणत होतं. बांधापलीकडे पिवळाधमक जेसीबी उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर त्याच्याच सावलीत मोबाईल बघत पडला होता. लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर कारभारींच्या पत्नी बनुबाई पोळ्या भाजत होत्या. मोजणीचे साहेब, सुनील त्यांचं नाव, काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन शेतातून इकडून तिकडे चालत होते आणि दर वेळी मान हलवत होते. कारभारी देवाशेजारी उकिडवे बसले होते, चेहरा पडलेला. आपल्या लेकाशी त्यांचं आधीच वाजलेलं दिसत होतं.

मार्तंडरावांनी हातपाय धुतले आणि थेट भाषणाला हात घातला. कोलेरे म्हणजे काय, त्याचे चार अर्थ, ते एकमेकांपासून का तोडता येत नाहीत, जिथे नांगर फिरतो तिथेच देव का असावा लागतो, असं सगळं घडाघडा बोलत ते रोमपर्यंत पोचले, तेवढ्यात अमृतनं त्यांना अडवलं. पोरगा वाईट नव्हे. कृषी पदविका झालेली, नम्र, फक्त घाईत.

“काका, कल्चर मला म्हाईत हाय की. दीड हजार डाळिंबाची रोपं सांगितलीत, टिश्यू कल्चरची. त्यांना पानी लागतं. देवाला लागत न्हाई.”

“अरे, पण पूजेची जागा—”

“मी काय देव टाकून देतोय का? टाइल्स लावतोय! बरं, ते ऱ्हाऊ द्या. आधी एक सांगा, हा देव कोनता? चौथऱ्याला पाटी लावायचीय. पाटीवाला दोन दिवस झालं नाव विचारतोय.”

मार्तंडरावांनी कारभारींकडे पाहिलं. कारभारींनी मार्तंडरावांकडे पाहिलं.

“तुमचा देव,” मार्तंडराव म्हणाले. “तुम्हीच सांगा.”

“आमचा?” कारभारी उठून उभे राहिले. “आमचा देव खंडोबा. हा तुमचा न्हाई का?”

“आमचा कसा असेल? आमचं कुळदैवत तुळजापूरची देवी.”

“मंग चाळीस वर्सं मंत्र कुनाचे म्हनताय?”

“स्थानदेवतेचे. वडिलांनी शिकवले तसे.” मार्तंडरावांचा आवाज खाली आला. ते मंत्र कुठल्याही देवाला चालतात, हे त्यांना आत्ताच जाणवलं. “वडील सांगून गेले होते, की जमीन गेली ती गेली, पण बजरंगाचा देव आहे तिथे. त्याला अभिषेक करायला कुणी मिळत नाही. वर्षातून एकदा जात जा, म्हणजे आपण मनात काही ठेवलं नाही हे त्याला कळेल.”

कारभारींनी कपाळाला हात लावला. “आन माझ्या बापानं जाताना माझा हात धरून सांगितलं, की कारभारी, नेवासकरांची जमीन आपल्याकडं आली, पन त्यांचा देव मागंच ऱ्हायला. त्याला धक्का लावू नको. दर साली त्यांच्या नावानं नैवेद दाव. न्हाईतर लोक म्हनतील, वर्प्यांनी जमीन बी खाल्ली आन देव बी खाल्ला.”

“अगं बया!” बनुबाई चुलीपासून म्हणाल्या. “आन मी बामनाचा देव म्हनून दर साली पुरनात येलदोडे जास्त घालते.”

यावर खरं तर हसायला हवं होतं. पण दोघेही म्हातारे एकदम तापले. मी चाळीस वर्षं तुमच्या देवाला शेंदूर फासला, असं कारभारी म्हणाले. मी चाळीस वर्षं एसटीचे धक्के खाऊन तुमच्या देवाला येतोय, असं मार्तंडराव म्हणाले. तुमचा, तुमचा, न्हाई तुमचा! देवावरून भांडणं सगळीकडे होतात, आपला आहे म्हणून. इथे दोघंही तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघत होते. जेसीबीचा ड्रायव्हर मोबाईल ठेवून उठून बसला.

“जरा तो देव मी बघू का?” मागून मोजणीचे सुनील म्हणाले.

त्यांनी बूट काढले, नमस्कार केला, दगडाभोवती एक फेरी मारली आणि हातातला जुना नकाशा उलगडला. सकाळपासून त्यांना मोजणी जिथून धरावी असा एकही पक्का ठिकाणा सापडत नव्हता. नकाशावर याच कोपऱ्यात काहीतरी खूण होती. थोडा शेंदूर खरवडून बघितला तर चालेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. कुणीच हो म्हणेना. कारभारी म्हणाले मास्तरांना विचारा, मास्तर म्हणाले कारभारींना विचारा. शेवटी बनुबाईंनी पिठाच्या हातानंच खुरपं आणून दिलं. “खरवडा. कुनाचा हाय ते तरी कळंल.”

साठ-सत्तर वर्षांचा शेंदूर. त्याचा थर खुरप्यानं एका बाजूनं उचकटला आणि सगळा पापुद्रा एकसंध सुटून खाली आला. आतून निघाला चौकोनी घडीव काळा दगड. डोळे नाहीत, नाक नाही. माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली आणि बाजूला पुसटसा आकडा.

“सापडला!” सुनील जवळजवळ नाचले. “हद्दीचा दगड आहे हा! जुन्या मोजणीचा, ब्रिटिश काळातला! अहो, सगळ्या शिवारात एक शिल्लक नाही. लोकांनी पायऱ्यांना लावले, धुणं धुवायला नेले. हा एकच जागेवर राहिलाय, आणि काय तर म्हणे शेंदूर!” त्यांनी बूट परत चढवले. मग काय वाटलं कोण जाणे, दगडाकडे बघून पुन्हा काढले.

“म्हंजे ह्यो देव न्हाई?” बनुबाईंनी विचारलं.

“नाही मावशी. सरकारी आहे.”

अमृतचा चेहरा उजळला. “मंग काय, भारीच झालं! मंत्र बी नकोत. घे रे जेसीबी फुडं.”

“अजिबात हात लावायचा नाही!” सुनील ओरडले. “देव असता तर तुमचं तुम्ही काय ते केलं असतं, मी बोललो नसतो. हद्दीची निशाणी हलवली तर गुन्हा दाखल होतो. साहेब मलाच विचारतील.”

अमृत मटकन बांधावर बसला. त्यानं टाइल्सचे बॉक्ससुद्धा आणून ठेवले होते. थोड्या वेळानं तो उठला, जेसीबीवाल्याला परत पाठवलं आणि शेततळं वरच्या अंगाला घेता येईल का, म्हणून सुनीलच्या मागे मागे नकाशा बघत फिरू लागला.

म्हणजे बघा, मार्तंडराव ज्यासाठी आले होते ते झालं. दगड आता कुणाच्या बापाच्यानं हलणार नव्हता. आणि हातात ताम्हण घेऊन ते त्या दगडासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अभिषेक कशावर करायचा? तलाठ्याच्या वस्तूवर? आपण जिंकलो आणि आपला चौथा हिस्सा मात्र शेंदराबरोबर गळून पडला, हे त्यांना तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं. त्यांनी ताम्हण गुपचूप पिशवीत घातलं.

“नैवेद कुनाला दावू आता?” बनुबाई म्हणाल्या. मग त्यांनी पहिलं पान मोजणीच्या साहेबांना वाढलं. त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि पुरणाची फार तारीफ केली. कारभारी खाली मान घालून आमटी भुरकत होते. दरवर्षी हे दोघे एकमेकांच्या पानात आग्रहानं वाढून एकमेकांचे हाल करायचे. त्या दिवशी मार्तंडरावांनी दीड पोळी खाल्ली आणि कुणी त्यांना आणखी घ्या म्हटलं नाही.

निघताना कारभारी नेहमीसारखे फाट्यापर्यंत आले. एसटी दिसेस्तोवर दोघं शेजारी शेजारी उभे. दर वेळी कारभारी म्हणायचे, “पुढल्या पंचमीला देव वाट बघतोय बरं का.” आज त्यांनी नुसताच एसटीला हात दाखवला. मार्तंडराव सवयीनं “येतो” म्हणाले आणि चढले.

त्यानंतर वर्षभर फोन नाही. तिकडून नाही, इकडूनही नाही. मार्तंडरावांनी दोन-तीनदा मोबाईल हातात घेतला, पण बोलायचं काय? देव कसा आहे, असं विचारायचे ते आधी. आता दगड कसा आहे, म्हणून विचारायचं? ते चिडचिडे झाले. डी अक्षर भराभर उरकलं आणि ते वाईट उरकलं, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. कारभारींनी सांगितलेल्या फेऱ्यांचा खुलासा त्यांनी कोलेरेच्या नोंदीत मोठ्या प्रेमानं लिहिला होता, पण त्या नोंदीवर परत नजर टाकायची त्यांना इच्छा होईना.

पुन्हा चैत्र आला. वद्य पंचमीला सकाळी दमयंतीबाईंनी पिशवी, तांब्या आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

“हे कशाला?” मार्तंडराव म्हणाले.

“जायचंय ना?”

“कुठे? सरकारी दगडाला गंध लावायला? गावातले हसतील. आणि त्या माणसाला तरी काय, चाळीस वर्षं दुसऱ्याचं ओझं वाहिलं, आता सुटला बिचारा. आपण कशाला पुन्हा जाऊन दारात उभं राहायचं?”

“बरं,” दमयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कुकर लावला. पण तांदूळ नेहमीपेक्षा दोन वाट्या जास्त घेतले. का, ते त्यांनाच ठाऊक.

मार्तंडराव टेबलाशी बसले. पुण्याहून कोशाच्या संपादकांनी सी अक्षराची मुद्रितं तपासून पाठवली होती. कोलेरेच्या नोंदीपाशी लाल शाईत टीप होती: पाचवा अर्थ राहिला आहे. हेच क्रियापद माणसांबद्दलही वापरतात, स्नेह राखणे, एखाद्याला धरून असणे. मराठी उदाहरणाचे एक वाक्य द्यावे. मार्तंडरावांनी पेन उघडलं. ‘तो मित्रांशी स्नेह राखतो.’ खोडलं. ‘त्याने आयुष्यभर मैत्री जपली.’ तेही खोडलं. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावरचं वाटत होतं. साडेदहा वाजले. कोंभळवाडीच्या फाट्यावर एसटी आत्ता पोचत असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचा त्यांना संताप आला. बारा वाजले. एक वाजला. कागदावर खाडाखोडीखेरीज काही नव्हतं. दमयंतीबाई जेवायला हाक मारत नव्हत्या, तेही त्यांना कळत होतं आणि त्याचाही राग येत होता.

दीडच्या सुमाराला बेल वाजली.

दार उघडलं तर कारभारी. पांढरा सदरा घामानं भिजलेला, टोपी हातात. त्यांच्यामागे बनुबाई, कमरेवर फडक्यात बांधलेली पाटी. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यानं दोघांनाही धाप लागली होती. नेवासकरांच्या कुठल्याही घराच्या उंबऱ्याशी वर्प्यांपैकी कुणी आल्याला सत्तर वर्षं होत आली होती, आणि तेव्हाही ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबत.

“धडधाकट हायत की!” कारभारी मागे वळून बनुबाईंना म्हणाले. “मी म्हनलं मास्तर आजारी पडला, न्हाईतर गचकला.”

“तुम्ही... तुम्ही कसे काय—”

“कसे काय म्हंजे? आज पंचमी न्हाई का? धा वाजल्यापासनं फाट्यावर उभा हुतो मी. ही पुरन घालून बसलीय. साडेधाची गाडी गेली, साडेअकराची गेली. परतीच्या गाडीचा कंडक्टर इचारतो, आबा, चढनार का नुसतंच बघनार? तवा चढलो. समदं पुरन काय म्हशीला घालायचं?”

मार्तंडराव दाराची कडी धरून उभे होते. “कारभारी, देवच नाही म्हटल्यावर मला वाटलं—”

“देव कवा जेवला हुता? जेवत तुमीच हुता.”

“तसं नव्हे हो.” मार्तंडरावांनी कडी सोडली. “मला वाटलं, आता तुम्हाला माझा काय उपयोग?”

कारभारींनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. खरोखरच आठवून बघितल्यासारखं केलं.

“उपेग?” ते म्हणाले. “उपेग तवा तरी काय हुता?”

मार्तंडरावांना हसू फुटलं. हसण्याच्या भरात आत या, बसा, एवढं म्हणायचंही त्यांचं राहून गेलं. ते दमयंतीबाईंनी म्हटलं.